कमानीला उंबरठा नसतो

४ मे, शनिवार

माफी असावी, फार उशिरा लिहायला बसलोय. ही डायरी उमरच्या ऑफिसातून जानेवारीत आली आणि मी पहिलं पान उघडतोय मे महिन्यात. पण कारणं होती. जानेवारीत गुडघा. फेब्रुवारीत चष्मा हरवला, तो फ्रीजवर सापडला. मार्चमध्ये रोजे. एप्रिलमध्ये पाऊस आणि खाली पार्किंगमध्ये पोटरीभर पाणी. आता मात्र रोज लिहिणार. सातवीपर्यंतच शिकलो, पण इथे दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनला स्टोअरकीपर होतो. अक्षर आजही इंजिनिअर लोकांपेक्षा बरं आहे.

आजची बातमी. जेवताना माझा मुलगा उमर म्हणाला, जुलैच्या सुट्टीत आम्ही तिघं इंग्लंडला चाललोय, सुमैय्याकडे. मग दर वर्षी विचारतो तसं ताटाकडे बघत विचारलं, अब्बा, तुम्ही? मी दर वर्षी सांगतो तसं सांगितलं, नाही. सून शहनाझ म्हणाली, अब्बा, सार वाढू? विषय खलास.

सुमैय्या माझी मुलगी. हॉटेलचं शिकायला इंग्लंडला गेली आणि तिथल्याच टॉमशी निकाह केला. पोराने कलमा पढला, ते ठीक. पण दोघं मिळून चालवतात काय, तर पब. पब म्हणजे दारू. तेव्हा मी ह्याच हॉलमध्ये, ह्याच सोफ्यावर बसून, गावच्या चार माणसांसमोर कसम खाल्ली की ह्या जन्मात सुमैय्याच्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. दोन वर्षांमागे ती इथे आली होती, तेव्हा मी माझा दोस्त दगडू याच्या लेबर कॅम्पवर जाऊन राहिलो. माणसाने शब्दाला पक्कं असावं. मी आहे. मजेत आहे. झोप लागत नाही ती एसीमुळे.

७ मे, मंगळवार

मधले दिवस राहिले. पेन चालत नव्हतं.

आज शहनाझ फोनमधले फोटो टीव्हीवर लावून बसली होती. मी हॉलमध्ये रिमोटचे सेल शोधायला गेलो होतो. सुमैय्याचा पब दिसला. मी बघणार नव्हतो, पण टीव्ही मोठा आहे. शहनाझ मोठ्याने वाचत होती, कोणासाठी ते माहीत नाही, कारण हॉलमध्ये मी एकटाच होतो. तीन-साडेतीनशे वर्षांची इमारत म्हणे. नाव ‘द ब्लाइंड मेअर’, म्हणजे आंधळी घोडी. पूर्वी लंडनहून घोडागाड्या यायच्या. इथे घोडे बदलायचे, प्रवासी जेवायचे, वरच्या खोल्यांत रात्री झोपायचे. दर्शनी बाजूला उंच कमान आहे, तिच्यातून अख्खी घोडागाडी आतल्या अंगणात जायची. आजही वरच्या खोल्या मुसाफिरांना भाड्याने देतात.

म्हणजे हा मुसाफिरखाना झाला की. सराई! दारूचं दुकान खाली एका बाजूला. हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही. शहनाझ म्हणते, मी तीनदा सांगितलं, तुम्ही तीनही वेळा उठून गेलात.

एका फोटोत टॉमच्या कडेवर मूल होतं. त्यांना मुलगी आहे, दीड वर्षाची. नाव ठेवलंय नूरजहाँ. माझ्या मरहूम बायकोचं नाव, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

सेल मिळाले नाहीत. रिमोट चालू आहे असं नंतर कळलं.

८ मे, बुधवार, पहाटे फजरच्या नमाजनंतर

एक गोष्ट सुचली. लगेच लिहून ठेवतो.

कमानीला उंबरठा नसतो.

घोडागाडीची चाकं आत जायची म्हणजे खाली सपाट फरशी हवी. उंबरठा असता तर घोडी अडखळली असती, आंधळी तर नक्कीच. हमरियाला आमच्या स्टोअरला फोर्कलिफ्टसाठी शटर होतं, त्यालाही उंबरठा नव्हता. आता कायद्याने बघू. कसम उंबरठ्याची आहे. कमानीला उंबरठा नाही. शिवाय कसम घराची आहे, आणि सराई कोणाचं घर नसते, जो भाडं देईल त्याची असते. म्हणजे एखादा मुसाफिर कमानीतून आत गेला, रात्रभर झोपला, सकाळी बिल भरून कमानीतून बाहेर पडला, तर कसमेला ओरखडा नाही.

मी जाणार आहे असं नाही. फक्त कायदा बघतोय.

१० मे, शुक्रवार

जुम्याच्या नमाजनंतर मौलानांना गाठलं. केरळचे आहेत, हिंदी बोलतात. माझ्या एका दोस्ताचा मामला आहे म्हणून सांगितलं आणि कमानीचा मुद्दा समजावला. चित्र काढून नेलं होतं. त्यांनी ते उलटं धरलं. मग म्हणाले, चाचा, दोस्त से बोलो कसम तोड दे, दस गरीबों को खाना खिला दे. वो भी न हो सके तो तीन रोजे रख ले. खलास. बेटी से मिलना तो नेकी है.

मी म्हटलं, लेकिन कमान?

म्हणाले, कमान छोडो, चाचा.

माणूस नेक आहे, पण बांधकामातलं कळत नाही. दहा माणसांना जेवायला घातलं की आमच्या ह्या कुसैस वस्तीभर बोंब होणार, मोहिद्दीनने कसम मोडली. रोज्यांचं म्हणाल तर शुगर. कमानीचा रस्ता स्वच्छ आहे. कोणापुढे मान खाली घालायची गरज नाही. कमान उंच आहे.

१४ मे, मंगळवार

काम फत्ते. आंधळ्या घोडीत खोली बुक केली, जुलैसाठी. पैसे तिथे गेल्यावर द्यायचे आहेत. घरात कोणाला बोललो नाही. फक्त दगडूला.

दगडू गुहागरचा. प्लंबिंगचा फोरमन आहे, इथे कुसैसलाच कॅम्पवर राहतो, संध्याकाळी पार्कात माझ्या बाकावर बसतो. बुकिंग त्याच्या नावाने केलंय. मला ओळखू द्यायचं नाही. मी जाणार, एक कोपऱ्यातलं टेबल घेणार, सगळं बघणार, एक शब्द न बोलता निघून येणार. तिला नंतर कळेल की बाप येऊन गेला. मग रडत बसेल. तिला चांगली अद्दल घडेल.

दगडू म्हणाला, चाचा, पासपोर्टवर मोहिद्दीन आणि बुकिंगवर दगडू, तिथे दारातच धरतील. मी म्हटलं, दार नाहीच आहे, कमान आहे. तो म्हणाला, आणि पोरगी समोर आली तर? मी म्हटलं, टोपी घालणार, आणि चष्मा बदलणार. त्याने मला आधी समोरून बघितलं, मग बाजूने. म्हणाला, नाकाचं काय करणार?

ईमेल करणं सोपं आहे. फोनवर शहनाझने पूर्वीच खातं काढून दिलंय. मी मराठीत लिहितो, ॲप त्याचं इंग्रजी करतं. तिकडून इंग्रजी आलं की मराठी करून दाखवतं. बुकिंगमध्ये ‘विशेष विनंती’ असा रकाना होता, त्यात थोडक्यात लिहिलं. खोलीत दारूचा वास नको. बाथरूममध्ये एक बादली, एक मग. पश्चिमेला पाय करून झोपणार नाही. नमाजसाठी किब्ला कोणत्या बाजूला ते कळवणे. चहा पहाटे, उकळलेला, पिशवी बुडवलेला नको. उशी कडक. जिना खडा नसावा. आणि खोलीच्या दाराला उंबरठा आहे काय, असल्यास दुसरी खोली.

ह्यावरून कोण ओळखणार?

१६ मे, गुरुवार

उत्तर आलं! खाली सही एस. व्हिटलॉक, मॅनेजर. म्हणजे सुमैय्याने मॅनेजर ठेवलाय. बरंच झालं, तिचा संबंध येणार नाही.

ॲपने केलेलं मराठी असं: आदरणीय श्री. दगडू, आपली विनंती वाचून अतिशय आनंद झाला. दोनदा वाचली. बादली व मग यांची व्यवस्था केली जाईल. जिना अंगणातून आहे, कठडा मजबूत आहे. आपल्या खोलीच्या दाराला उंबरठा नाही, मी स्वतः जाऊन पाहिले. एक उशी डोक्याला आणि एक उजव्या गुडघ्याखाली, असे चालेल का?

बघा इंग्रज लोकांचं काम. मी गुडघ्याबद्दल अक्षर लिहिलं नव्हतं. पण शेकडो वर्षांचा अनुभव. घोडागाडीत दिवसदिवस बसून येणाऱ्या माणसाचा गुडघा दुखणारच, हे त्यांच्या धंद्यात मुरलंय. आणि उजवाच कसा? बहुतेक गाडीत जिना उजव्या बाजूला असेल.

२१ मे, मंगळवार

तयारी जोरात. जुन्या सरायांची छतं ठेंगणी असतात, लाकडी तुळया डोक्याला लागतात, असं वाचलं. म्हणून बाल्कनीत कपड्यांची दोरी माझ्या कपाळाच्या उंचीवर बांधली आणि वाकून जायचा सराव केला. छान जमलं. नंतर पाणी प्यायला किचनमध्ये गेलो आणि कपाट लागलं. टेंगूळ आहे.

माझा नातू फहद दहावीत आहे. तो दोरी बघून म्हणाला, दादा, व्हाय आर यू डुइंग लिंबो? मी म्हटलं, व्यायाम. लिंबो म्हणजे काय ते कळलं नाही.

लिफ्ट सोडून जिन्याने चढायचं ठरवलंय. उद्यापासून.

२६ मे, रविवार

लिफ्टचं उद्यापासून.

आज घरात जाहीर केलं. नाश्त्याला सांगितलं की मलाही जुलैत इंग्लंडला जायचंय, पण कोणाकडे नाही. मला जुन्या सराया बघायच्या आहेत. ऐतिहासिक. तो माझा छंद आहे. त्याच विमानाने येईन, पण नंतर आपापला.

उमरच्या हातातला खबुस रोटीचा तुकडा हातातच राहिला. शहनाझ तोंडाला ओढणी लावून किचनमध्ये गेली. तिला खोकला झालाय. फहद म्हणाला, सिन्स व्हेन? मी म्हटलं, लहानपणापासून. मग उमरने अगदी गंभीरपणे विचारलं, कुठली कुठली सराई बघणार, अब्बा? मी म्हटलं, दोन-तीन आहेत. एकीचं नाव आंधळी घोडी.

उमर म्हणाला, चांगली आहे म्हणतात. मग उठून बाल्कनीत गेला आणि फोन लावला. ऑफिसचा असेल. रविवारीसुद्धा सोडत नाहीत पोराला. डोळे लाल झाले होते त्याचे, तिथे वारा फार आहे. माझी दोरी त्याच्या गळ्याला लागली.

२९ मे, बुधवार

व्हिसा सेंटरला जाऊन आलो. फॉर्म शहनाझने भरला. प्रवासाचं कारण तिने लिहिलं, मुलीला भेटणे. मी म्हटलं, खोडा ते, ऐतिहासिक सराया पाहणे असं लिहा. ती म्हणाली, अब्बा, सत्तर वर्षांचा माणूस पब बघायला चाललाय म्हटल्यावर व्हिसा कोण देणार? काउंटरवरच्या मुलीसमोर वाद नको म्हणून सही केली.

बोटांचे ठसे येत नव्हते. मशीन लाल दिवा दाखवत होतं. स्टोअरमध्ये आयुष्यभर लोखंड हाताळलं, रेघाच राहिल्या नाहीत. त्या मुलीने ओला रुमाल दिला, म्हणाली, प्रेस, अंकल, प्रेस. मी इतकं दाबलं की शेवटी तीच म्हणाली, खलास, खलास. आले ठसे.

आता वाट बघणं. अल्ला मालिक.

१ जून, शनिवार

मॅनेजरशी पत्रव्यवहार वाढलाय. सज्जन माणूस. मी विचारलं, तुमच्या सकाळच्या नाश्त्यात डुकराचं असतं, त्याचा वास माझ्या खोलीत येईल काय? उत्तर आलं: आपल्या खोलीची खिडकी बागेकडे आहे, वास येणार नाही. आपल्यासाठी वेगळ्या तव्यावर तांदळाची भाकरी करते. सुका जवळा मिळतो इथे, लांबच्या दुकानातून आणावा लागतो. तिखट कमी टाकू ना? पोटाला सोसत नाही तुमच्या.

कुठे इंग्लंड आणि कुठे जवळा! राज्य केलं ते उगाच नाही. गिऱ्हाईक बघून तयारी करतात. आणि ॲपसुद्धा सुधारलंय. आधी सरकारी नोटिशीसारखं मराठी करायचं, आता थेट रत्नागिरीचं करतं.

भुताचं विचारून घेतलं. एवढ्या जुन्या इमारतीत असणारच. मॅनेजर म्हणतो, एक बाई जिन्यावर दिसते असं म्हणतात, पण ती कोणाला त्रास देत नाही, फक्त वाट बघत बसते. कुराणातली आयतल कुर्सी पढून झोपेन.

५ जून, बुधवार

कमानीचा फोटो मागवला होता, खाली फरशी खरंच सपाट आहे का ते बघायला. आला. सपाट आहे! दगडी फरशी, मधोमध चाकांनी झिजलेली, उंबरठ्याचं नाव नाही. माझा कायदा बरोबर निघाला.

कमानीची उंची कळावी म्हणून खाली एक लहान मूल उभं केलंय. कल्पना चांगली आहे, आम्हीही स्टोअरमध्ये मालाच्या फोटोत माणूस उभा करायचो. मूल मुलगी आहे. लाल बूट. हनुवटीवर खळगा आहे, आमच्या मरहूम नूरजहाँला होता तस्सा.

फरशी बघायला फोटो मोठा करून पाहिला. चार-पाच वेळा. जेवायला हाक मारली ती ऐकू आली नाही.

९ जून, रविवार

दगडूला घेऊन मुलांच्या कपड्यांच्या दुकानात गेलो. मॅनेजरने एवढी मदत केली, त्याच्या मुलीला काहीतरी न्यायला हवं. दगडूने विचारलं, मॅनेजरला मुलगी आहे हे कोणी सांगितलं? मी म्हटलं, फोटोत उभी होती ती. दुकानवाल्याने वय विचारलं. मी म्हटलं, दीड वर्ष पूर्ण, ह्या महिन्यात एकोणिसावा महिना लागेल. दगडू म्हणाला, फोटोवरून महिनेसुद्धा कळले? मी म्हटलं, अंदाज.

पिवळा फ्रॉक घेतला, पंचेचाळीस दिरम. म्हणजे हजार रुपये! दगडूसमोर हे मोठ्याने बोललो आणि नंतर दुसरा पण घेतला, हिरवा. पिवळा पसंत पडला नाही तर.

बाहेर उन्हात दगडू थांबला. म्हणाला, चाचा, एक फोन करायला काय जातं तुमचं? मी म्हटलं, मॅनेजरला? तो म्हणाला, हो, मॅनेजरलाच. मी म्हटलं, फोनवर इंग्रजी जमत नाही.

१६ जून, रविवार. ईद

ईद मुबारक.

दुपारी सुमैय्याचा व्हिडिओ कॉल आला, सगळे हॉलमध्ये. मी किचनमध्ये ग्लास विसळत होतो. नळ बंद करून विसळला, पाण्याची बचत. मूल काहीतरी बोलत होतं, ‘दादा, दादा’ असं वाटलं. उमरचा फोन जुना आहे, आवाज नीट येत नाही. ग्लास स्वच्छ झाला होता, तरी थोडा वेळ विसळला.

संध्याकाळी फहद माझ्या फोनमध्ये काहीतरी नीट करून देत होता. म्हणाला, दादा, यू नो ना, तुम्ही मेल पाठवला की तुमचं नाव आणि फोटो जातो सोबत? त्याने दाखवलं. गोल चौकटीत मी. उमरच्या लग्नातला, फेट्यासकट. खाली मोहिद्दीन.

जरा घाबरलो. मग विचार केला. चौकट नखाएवढी आहे. कामाच्या माणसाला असले फोटो बघायला वेळ कुठे? मॅनेजरने ओळखलं असतं तर बोलला नसता का? इतका सज्जन माणूस.

२० जून, गुरुवार

व्हिसा आला!!

पासपोर्ट उशाशी ठेवलाय. उमरने मिठाई आणली. मी म्हटलं, एवढं काय त्यात, छंद आहे माझा. ६ जुलैचं विमान. शहनाझने तिकीट आधीच काढून ठेवलं होतं म्हणे, मे महिन्यातच. कशावरून, ते सांगत नाही.

बॅग भरली. दोन फ्रॉक तळाशी, वर कोकम, फणसपोळी, मेथीचे लाडू. लाडू कशाला, असं शहनाझने विचारलं. तिथे कोणाला आवडतात, अब्बा? मी म्हटलं, प्रवासात भूक लागते. लहानपणी सुमैय्या डब्यातले लाडू चोरायची ते तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

जिन्याने चढायचा सराव झाला नाही. कमानीतून मात्र डोळे मिटूनही जाईन. मनात रोज जातोच.

२४ जून, सोमवार

मॅनेजरचा मेल. तसाच लिहून ठेवतो.

आदरणीय दगडूसाहेब, कसं सांगू कळत नाही. सराईच्या मालक कंपनीने भाडेकरार वाढवला नाही. इमारत विकली, आता तिथे फ्लॅट होणार आहेत. ३० जूनला आंधळी घोडी कायमची बंद. आम्ही खूप धडपड केली, पण नाही जमलं. त्याच रस्त्यावर आम्ही एक घर भाड्याने घेतलंय. साधं घर आहे. कमान नाही. दार आहे, आणि दाराला उंबरठा आहे, तो आधीच सांगून ठेवते. टॉम आता शाळेच्या कॅन्टीनमध्ये लागलाय. दारूचा संबंध संपला. तुमची खोली तयार आहे. बादली आणली, मग आणला. या ना.

ॲपने शेवटचे दोन शब्द असे का केले कोणास ठाऊक.

पुन्हा वाचलं. उंबरठा आहे.

२५ जून, मंगळवार

उमरला सांगितलं, छंद सोडला. तिकीट रद्द कर. तिथे आता सराई राहिली नाही, बघण्यासारखं काही नाही.

मला वाटलं वाद घालेल. तो म्हणाला, बरं, अब्बा. आणि माझा पाय दाबत बसला, उजवा. शहनाझने तर सारसुद्धा विचारलं नाही. फहद एवढंच म्हणाला, बट दादा, द बिअर इज गॉन, सो व्हॉट इज द प्रॉब्लेम? इंग्रजी शाळेत कसमेचं शिकवत नाहीत.

इंग्रजांचाच दोष आहे. साडेतीनशे वर्षं कमान उभी ठेवली, आणि माझे दहा दिवस राहिले असताना विकली. बॅग कपाटावर टाकली. मग उतरवली, लाडवांना मुंग्या लागतील म्हणून.

इकडे ह्या फ्लॅटला एकाही दाराला उंबरठा नाही. सगळ्या दुबईत सपाट. फक्त बाथरूमला संगमरवरी पट्टी आहे. आज तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. शहनाझने बाहेरून विचारलं, अब्बा, आत जाताय की बाहेर येताय?

२८ जून, शुक्रवार

आज दगडूच्या कॅम्पवर बिर्याणी दिली. विशेष काही नाही. शुक्रवार होता, आणि उमरने चुकून जास्त मागवली.

दगडूने पोरांना ओळीने बसवलं आणि मोजायला लागला. म्हणाला, चाचा, नऊच आहेत, एक नाईट ड्युटीवर गेला. मी म्हटलं, मला काय, मी मोजत नाहीये. तो म्हणाला, मौलानांनी दहा सांगितले होते ना? मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाला, अख्ख्या कुसैसला माहीत आहे. तुमचा तो दोस्त कोण, तेही माहीत आहे. कोणी बोंब मारली का? मग गेटवरच्या वॉचमनला हाताला धरून आणला, आणि वाढलं. दहावा.

वॉचमन म्हणाला, चाचा, किस खुशी में? मी त्याला आणखी वाढायला लागलो. दगडू म्हणाला, इनकी नातिन हुई है. वॉचमन म्हणाला, माशाल्ला, कब?

मी म्हटलं, उन्नीस महीने पहले.

३० जून, रविवार

तिकीट रद्द कर म्हणून उमरला परत आठवण केली. तो म्हणाला, इन्शाल्ला. म्हणजे करणार नाही.

आज आंधळी घोडी बंद होणार. कमानीचा फोटो शेवटचा पाहिला. फरशी आता मला पाठ आहे.

बाथरूमच्या पट्टीवर सकाळपासून सराव चाललाय. आधी डावा पाय, मग भिंत धरून उजवा. जमतं. पण ती पट्टी दोनच इंचांची आहे, आणि धरायला टॉवेलचा दांडा आहे. तिथलं काय ते माहीत नाही. मी कुठे जातोय असं नाही. नुसती चौकशी करून ठेवलेली बरी. म्हणून मॅनेजरला मेल केला. ॲपला सांगितलं, इंग्रजी करू नकोस. खाली दगडूचं नाव लिहायचं राहून गेलं. असू दे, फोटो जातोच.

मॅनेजरसाहेब, पत्र पोचलं. सराई गेली, ऐकून वाईट वाटलं. मेहनत केली होती तुम्ही. माझा उजवा गुडघा अजून तसाच आहे. चार इंचांपर्यंत पाय उचलतो, पुढे धरायला माणूस लागतो. तुमच्या दाराचा उंबरठा किती इंच आहे, लाकडी आहे की दगडी, आणि त्या वेळी दारात हात धरायला कोण उभं असेल, एवढं मोजून, बघून कळव. ६ तारीख जवळ आली. लवकर कळव.